कुसाआत्याची गोधडी

१९७९च्या मे महिन्यात वंशावळ जमवायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं आणि मी नाशिकला, द्वारका चौकाजवळ वाल्मीकच्या खोलीवर गेलो. वाल्मीक माझा दूरचा चुलतभाऊ. मला चारची एसटी गाठायची होती आणि त्याच्याकडे एकही कागद नव्हता.

"कागद कशाला? आत्या हाय ना," तो म्हणाला.

त्याची म्हातारी कुसाआत्या खोलीतच भिंतीला टेकून बसली होती; तिला आता दिसत नव्हतं. मांडीवरची गोधडी ती बोटांनी चाचपत होती. "आपल्यात माणूस गेलं, की त्याच्या कपड्याचा तुकडा हिच्यात शिवायचा. लिही. हे पुंजाचं धोतर. हे चांगुणाचं लुगडं."

मी भराभर लिहीत होतो. कडेजवळ तिचं बोट थांबलं.

"हा कोणाचा, ते नाय माहीत. माझ्या आईनं शिवला. मी तेव्हा परकरात होते. नाव तिनंबी नाय सांगितलं."

तुकडा निळ्या चौकड्यांचा होता, खिशासकट. टेरिकॉटचा. मागच्याच आठवड्यात शिवून घेतलेला माझ्या अंगातला शर्ट त्याच कापडाचा होता. वाल्मीक एकदा तुकड्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला.

तुकड्याच्या खिशावर शाईचा मोठा डाग होता. माझा खिसा मात्र स्वच्छ होता. तेवढ्यानंच मला हायसं वाटलं.

"एसटी चुकेल," म्हणत मी पेनाला टोपण लावलं, पेन खिशात अडकवलं आणि उठलो.

दारात चपला घालायला वाकलो, तेव्हा छातीला काहीतरी गार, ओलं लागलं.