उतरायची जागा

तिसऱ्या हॉटेलातली खोलीसुद्धा फोल्कमारला पसंत पडली नाही. खोली झकास होती. खाली नदी, गुबगुबीत उशा, टेबलावर टोपलीभर सफरचंदं. पण म्हातारा थेट खिडकीशी गेला, ती उघडली आणि घड्याळाचे टोले पडेपर्यंत खांबासारखा उभा राहिला.

"इथं नाही," तो म्हणाला.

"अरे, पण काय नाही?" दगडी रस्त्यांवरून बॅग ओढून रोस्विताचे पाय भरून आले होते. "लोक पलंग बघतात, न्हाणीघर बघतात. तुला मेलं टोल्यांचं काय पडलंय? आणि पलंग कसाही असो, तू झोपणार चर्चमधल्या थडग्यावरच्या दगडी सरदारासारखाच, उताणा!"

"चर्चचं घड्याळ आधी वाजतं. नगरपालिकेचं त्याच्यामागनं येतं, धापा टाकत. तिथं मोठा आवाज उजवीकडून यायचा, लहान समोरून. आणि जवळच कुठंतरी बंधाऱ्याचं पाणी पडायचं."

'तिथं' म्हणजे कुठं, हे रोस्वितानं विचारलं नाही. लग्नाआधी, बर्लिनची भिंत पडायच्या कितीतरी आधी, फोल्कमार एक हिवाळा कोठडीत होता. सरकारची टवाळी केली म्हणून. कुठल्या गावात, ते त्याला शेवटपर्यंत कळू दिलं नव्हतं. खिडकीला काचेच्या विटा, वर हवेपुरती फट. उजेड यायचा, दिसायचं काही नाही. कागदपत्रं तर गुप्त पोलिसांनी जाताना जाळूनच टाकलेली. गेल्या महिन्यात टीव्हीवर या शहराची जत्रा दाखवत होते, मागं टोले पडले, आणि फोल्कमारच्या हातातला सूपाचा चमचा तसाच राहिला.

"तुला आणलं तरी कसं होतं रे?" जिना उतरताना तिनं विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"माशांच्या गाडीतून," तो हसला. "बाहेर रंगवलेलं 'ताजे मासे', आत आम्ही. दिवसभर गोल गोल फिरवायचे, किती लांब आलो ते समजू नये म्हणून. बांगडा होऊन आलो बघ मी या गावात."

चौथी जागा बंधाऱ्याजवळच्या गल्लीत निघाली. पिवळं, नव्यानं रंगवलेलं घर, खिडक्यांत लाल फुलं. मालकीण नाउमानबाई साठीच्या, गोलमटोल आणि बोलक्या.

"वरची खोली तेवढी रिकामी आहे हं. दोन बारक्या खोल्यांची एक केलीय, तरी लहानच आहे. भिंती कसल्या जाड आहेत, बघा ना! बाहेरचा आवाज म्हणून येत नाही. खिडकी उघडली तरच."

फोल्कमारनं खिडकी उघडली. खाली गल्लीत आइस्क्रीमचं दुकान होतं, लोक उन्हात खुर्च्या टाकून चमचे चाटत बसले होते. बंधारा घुमत होता. मग उजवीकडून टोले आले. ते संपता संपता समोरून दुसरे आले, बारीक, दमलेले. फोल्कमारनं चौकट घट्ट धरली.

"हे दुकान कधीपासनं आहे?" त्यानं खाली बघतच विचारलं.

"फार जुनं! माझ्या मावशीचं. मी या गल्लीतच वाढले ना."

"आणि हे घर?"

"कसलीशी सरकारी कचेरी होती. काय करायचे कुणास ठाऊक. पण चंगळ होती हो त्यांची!" नाउमानबाई हसायला लागल्या. "सारखी माशांची गाडी यायची. थेट आतल्या अंगणात, की फाटक बंद. मावशी म्हणायची, आपल्याला नाताळालासुद्धा मासा मिळत नाही आणि या साहेबलोकांची जीभ बघा!"

कुणी हसलं नाही. बाईंनी याच्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. त्यांचं हसू तोंडावरच विरलं.

"खोली घेतो," फोल्कमार म्हणाला. "किल्ली द्या."

बाई किल्ली देऊन गुपचूप खाली गेल्या. रोस्वितानं त्याची बाही धरली. "इथं? वेडा झालास का? त्या सफरचंदांच्या खोलीत जाऊ. चल ना रे, माझं ऐक."

"अगं, इथली किल्ली पहिल्यांदा माझ्या हातात आलीय." त्यानं दार आतून लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. "बघ, या बाजूनं!" त्याचा चेहरा लहान पोरासारखा खुलला होता. रोस्विताला रडू फुटलं.

बूट काढून तो पलंगावर बसला. "इथं पाठीवरच झोपावं लागायचं. हात पांघरुणावर, दोन्ही दिसले पाहिजेत. झोपेत आत गेले की लगेच दार बडवायचे."

थडग्यावरचा सरदार! उभा जन्म रोस्विता त्याला या नावानं चिडवत आली होती.

"आज मी कुशीवर झोपणार," फोल्कमारनं जाहीर केलं. भिंतीकडं तोंड करून त्यानं रजई गळ्यापर्यंत ओढली, आणि दमलेला जीव, लगेच घोरायला लागला.

ती खिडकीशी बसून राहिली. खाली कुणी पोरगी खिदळत होती. उजवीकडून टोले सुरू झाले. फोल्कमार झोपेतच वळला, उताणा झाला, आणि रजईखालून त्याचे हात बाहेर आले. आधी एक, मग दुसरा.

रोस्वितानं ते हलकेच उचलून आत सारले, वर रजई नीट खोचली. समोरचं दमलेलं घड्याळ वाजलं. हात पुन्हा बाहेर आले.

तिनं उठून दार पाहिलं. किल्ली आतल्याच बाजूला होती.