हिरवे दगड

“हिरवे वर ठेव बे, हिरवे! काळे काढ बाहेर,” महादेवराव शेडच्या दारातून ओरडले. राखणदार गोविंदा पेट्यांपुढं उकिडवा बसून दगड उपसत होता. दुपारी बाराला नागपूरहून कंपनीच्या दगडांच्या जाणकार अनुपमा मॅडम यायच्या होत्या.

पेट्या पत्र्याच्या, लांबट. यंत्रानं टेकडीच्या पोटातून काढलेले, लाटण्यासारखे लांबट गोल दगड त्यांत ओळीनं मांडलेले होते; वरच्या थरातले पहिल्या पेटीत, तीनशे फूट खोलीवरचे शेवटच्या. कंपनी तिथं तांबं शोधत होती. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी ते खणलं होतं, गाळलंही होतं. टेकडीच्या पायथ्याला जुन्या भट्ट्यांचा काळा मळ अजून पडलेला होता. आता खाण करायची की गाशा गुंडाळायचा, हे मॅडम आज दगड बघून ठरवणार होत्या. यंत्रावरची माणसं दिवाळीला आपापल्या गावी गेलेली. शेडची किल्ली गोविंदाकडे, आणि गोविंदा महादेवरावांच्या मुठीत.

महादेवरावांचा जीव त्या दगडांत अडकला होता. टेकडी मुळात गावातल्याच बेबीताईची. यंत्र येणार अशी कुणकुण लागताच महादेवरावांनी नळगंगेकाठचं आपलं चार एकर काळं रान तिला दिलं आणि हे बरड स्वतःच्या नावावर करून घेतलं. बायको कोकिळा आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. ज्या रानात कधी कापूस हरला नाही, ते देऊन गोटे घेणारा नवरा तिनं ऐकलाही नव्हता. महादेवरावांना तिच्या अकलेची कीव आली. कागद पक्का झाल्यावर तर ते गावभर सांगत सुटले, “बेबी येडी हाये. तांब्याचा डोंगर देल्ला अन् माती घेतली!” खाण ठरायची होती, पण ट्रकांचा ठेका कुणाला द्यायचा ते त्यांनी ठरवून टाकलं होतं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

एवढ्यात बेबीताई आली. रान मिळालं तरी ती यंत्रावरच्या मजुरीला येत असे. नळीतून निघालेला एकेक दगड तिनंच उचलून पेटीत ठेवला होता. उघड्या पेट्या बघून तिनं कपाळाला हात लावला.

“भाऊ, काऊन हात लावून राह्यले? जागचा हलवू नका म्हनून सायबानं सांगितलं हाये. अन् थे काळे तं बिलकुल काढू नका. लय जड हायेत थे, म्या उचलले हायेत.”

“जड हाये म्हनून तांबं असते काय? मंग तं आमच्या उखळात बी असन!” महादेवराव हसले. गोविंदाही हसला, ते हसले की तो हसायचाच. “मोताळ्याच्या बाजारात टमाटे कसे मांडते, पाह्यलं काय कधी? चांगला माल वर. सडका माल गिऱ्हाइकाले कोनी दाखवते काय? तुले काय समजते याच्यातलं. बस तिकडं.”

बेबीताई दाराबाहेर सावलीला जाऊन बसली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे तिला ठाऊक होतं. ते सांगायची मजुरी तिला मिळत नव्हती.

दहा पेट्यांच्या तीन पेट्या झाल्या. गोविंदानं काळे दगड ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून दोन खेपांत बाहेर नेले. उरलेल्या हिरव्या दगडांना महादेवरावांनी स्वतःच्या हातानं खोबरेल चोळलं. दगड असे चमकायला लागले, की त्यांना स्वतःचाच अभिमान वाटला. कंपनीच्या एकाही शिकलेल्या माणसाला हे सुचलं नव्हतं!

मॅडम आल्या. त्यांनी पेट्यांपुढं वाकून एक दगड उचलला, बोटांना लागलेलं तेल रुमालाला पुसलं.

“हे कुणी केलं?”

“म्याच केलं,” महादेवरावांनी छाती पुढं काढली. “तुमाले तकलीफ नको म्हनलं. समदं तांबं एका जागी!”

“हा तांब्यावर चढलेला गंज आहे,” मॅडम शांतपणे म्हणाल्या. “टेकडीच्या वरच्या थरातला. जुनी माणसं हाच खणून गेली. खरं तांबं खोलवर आहे, काळ्या दगडात. त्याचे तुकडे मागच्या महिन्यात तपासायला नेले होते. निकाल इतका चांगला आला, की माझा विश्वास बसेना. म्हणून दगड डोळ्यांनी बघायला आले. तो समोर ठेवा, आज खाणीची शिफारस करते.”

महादेवरावांनी तेलकट हात मागं घेतले. “अन् थो नसला तं?”

“मग नमुन्यात कुणीतरी लबाडी केली, असं कंपनी धरून चालेल. ही टेकडी यादीतून बाद. पुन्हा इथं कुणी यंत्र आणणार नाही.”

महादेवरावांना नदीकाठचं काळं रान आठवलं. बेबीताईचा कापूस त्यात कमरेएवढा वाढला होता. कोकिळेचं तोंडही आठवलं. त्यांनी दाराकडं पाहिलं. बेबीताई तोंडभर हसत होती, आणि ते हसू लपवायची तिला काही गरज वाटत नव्हती.

“काळे दगड कुठं आहेत?” मॅडमनी विचारलं.

गोविंदाला आपल्या कामाचं चीज होण्याची हीच वेळ वाटली. तो लगबगीनं पुढं आला.

“वढ्यापाशी रस्त्यात लय गारा-चिखल झालता न मॅडम, तिथंच टाकले. घनानं फोडले, वरून ट्रॅक्टर फिरवला, एकदम बारीक चुरा! येतानी तुमच्या गाडीले एक तरी हिसका बसला काय?”