सोवळ्यातली पुरणपोळी

"पूर्ण नाव सांगा," जोशी काकूंनी वही उघडत विचारलं.

"सुमेध वासनिक. साठ पुरणपोळ्या हव्यात. रविवारी महाराजपूरला नव्या घरात जायचंय."

दीक्षितपुऱ्यातलं काकूंचं दुकान जबलपूरच्या मराठी घरांना चांगलं ठाऊक होतं. पाटीवरच ठळक लिहिलेलं: 'सोवळ्यातले पदार्थ'. बँकेतल्या बदलीने आलेल्या सुमेधला इथली पोळी एका सहकाऱ्याच्या डब्यात मिळाली होती. पहिल्याच घासाला त्याला आई आठवली होती.

"मूळचे कुठले?"

"नागपूर, इंदोरा. आई पण येऊन राहिली शनिवारी तिथून, घर बघायला."

काकूंचं पेन थांबलं. त्यांनी वही मिटली.

"नाही जमणार."

"काहून? आत्ता तर लिहून घेत होता!"

"आमचं सोवळ्याचं काम आहे. देवाचा नैवेद्य जातो इथून. कुणालाही नाही देत आम्ही."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. एक जमिनीकडे बघू लागलं. दुसरी बाई पदर सावरून जरा लांब सरकली. सुमेधची कानशिलं तापली.

"काकू, मी तुमच्या देवघरात नाही शिरून राहिलो. दुकानातून वस्तू विकत घेतो आहे. जात बघून नाकारणं गुन्हा आहे."

"आणि माझा धर्म पाळायचा हक्क? तोही कायद्यातच आहे ना?" त्या त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. "या आता."

त्याची वकील मैत्रीण ऋचा ऐकून उसळलीच. "धर्म घरात पाळ म्हणावं. दुकान उघडलं की दार सगळ्यांना उघडं. दोन साक्षीदार आहेत तुझ्याकडे. सोडू नकोस." तिने तक्रार लिहून दिली.

शनिवारी आई आली. तिने तो कागद दोनदा वाचला. मग चष्मा काढला.

"माझ्या आजीला दुकानदार लांबून पुडी फेकायचा. तुझ्या वाट्यालाही तेच? चल. पोलीस ठाण्यात जायच्या आधी मला त्या बाईला तोंडावर विचारायचं आहे."

दुकानात गर्दी होती. आई वाट काढत थेट गल्ल्यापाशी गेली.

"माझ्या लेकाला परत पाठवणारी तूच का गं?"

काकूंनी वर पाहिलं. हातातला डबा तसाच राहिला. आई त्यांच्याकडे बघतच उभी राहिली.

"ओळखीच्या का, काकू?" एका गिऱ्हाइकाने विचारलं.

"नाही," आईच म्हणाली. "चुकीच्या दुकानात आले मी. चल, सुमेध."

गल्लीच्या तोंडाशी सुमेधचा तोल सुटला. "पुढे एक शब्द नाही बोललीस, आई! चारचौघांत अपमान केला तिनं माझा. तू सोसत आलीस म्हणून मीही सोसू? मी चाललो ठाण्यात."

आईने तक्रारीचा कागद त्याच्या हातून ओढून घेतला आणि टराटरा फाडला. संताप तिचाही गेला नव्हता. डोळे मात्र भरले होते.

"नागपुरात तिनं स्वतःच्या नावानं पाटी लावली होती. आडनाव वाचून एकही माणूस दुकानाची पायरी चढला नाही."

"कुणी? जोशी काकूंनी?"

"जोशी कुठली रे! दीपा मेश्राम ती. विहारात माझ्या शेजारी बसून बुद्धवंदना म्हणायची."