येतानीचा रस्ता

वैजयंती सायकल घेऊन अंगणात शिरली ती मनगटावरचं घड्याळ पाहतच. ओसरीत तुळसाबाई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिनं सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. रस्त्यात कोणी थोबाडीत दिल्यासारखं तोंड.

"झालं काय वं फिरून?"

"फिरून नाई आई, ट्रेनिंग. आज बी सरासरी कमीच पडली. अशानं अमरावतीच्या राईडमंदी मी काही वेळेत पोचत नाई."

तुळसाबाईनं सायकलीवर एक नजर टाकली. ना कॅरियर, ना मडगार्ड, ना घंटी. म्हशीच्या किमतीची वस्तू आणि मेथीची एक जुडी न्यायची सोय नाही. पण हे ती सायकल घरात आली त्याच दिवशी बोलून मोकळी झाली होती. एक गोष्ट दोनदा सांगायची तिला सवय नव्हती.

गेल्या हिवाळ्यात सायकल नवी होती तेव्हा वैजयंती अशी येत नव्हती. शाळेवर जायच्या आधी, पहाटेच मानोऱ्याहून निघायची, ऊन अंगणात उतरलं की यायची, आणि डोक्यावरचं हेल्मेट काढायच्या आधी तोंड सुरू व्हायचं. तांड्यावरच्या घरांना कुलपं लागली, गेली माणसं ऊसतोडीला. कोणाची कपाशी अजून तशीच पांढरी उभी आहे. फाट्यावरच्या बेबीताईनं आज भज्यांत मीठच टाकलं नाही अन् उलट गिऱ्हाइकालाच दटावलं. खिशातून कधी बोरं निघायची, कधी हरभऱ्याचे घाटे.

आणि त्याच रस्त्यावर इंझोरी. तुळसाबाईचं माहेर. गुडघे गेल्यापासून ती तिकडे गेली नव्हती. सून रोज सासूच्या माहेरावरून यायची आणि ते माहेर ओसरीत आणून टाकायची. तुळसाबाई मान खाली घालून सोलत राहायची. ऐकते आहे असं दाखवणं तिला कमीपणाचं वाटायचं.

मग वैजयंतीनं अमरावतीच्या सायकल राईडला नाव दिलं. फोनवरचा कोणी सर सकाळ-संध्याकाळ सांगू लागला, किती जोरात जायचं, किती दम धरायचा. तेव्हापासून घरात आकडे यायला लागले. रस्ता यायचा बंद झाला.

"इंझोरीवरूनच गेलती नं?" तुळसाबाईनं विचारलं.

"मंग? तिकूनच जा लागते."

"आमच्या धुऱ्यावरची चिंच लागली काय औंदा?"

वैजयंती भिंतीला हात लावून पाय ताणत होती. वर न पाहताच म्हणाली, "लागली ना. लदून गेली नुसती."

तुळसाबाईच्या बोटांत शेंग तशीच राहिली. त्या चिंचेखाली ती सायकल शिकली होती. बापाची सायकल, सीटवर बसलं की पाय पुरत नसत, म्हणून नळीखालून पाय घालून कैची मारायची. चेनमध्ये परकर फाटला, मायनं चोपलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा चिंचेखाली. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बस. पण त्या टोकाला पोचलं की जग जिंकल्यासारखं वाटायचं.

"वैजंती, थे चिंच दिवाळीच्या मांगंच तोडली. रस्ता रुंद करून राह्यले. माह्या भाच्याचा फोन आलता, रामधनचा."

वैजयंतीचा पाय ताणायचा थांबला. "मंग मले काहून नाई सांगतलं तुमी?"

"तू सांगशीन म्हून वाट पाहून राह्यली होती. रोज तिकून जाते थे तू."

वैजयंती खाली पायरीवर बसली. बराच वेळ बुटाचे बंद सोडत राहिली.

"मी पाह्यतच नाई आई, आजकाल. इकडं तिकडं पाह्यलं की वेग पडते."

"नको पाहू. अमरावतीले जाय, अन् जोरात जाय. मांगं राह्यली त लोकं म्हनतीन, तुळसाबाईची सून मांगं राह्यली." तिनं हातातली शेंग एकदाची फोडली, दाणे सुपात टाकले. "जातानी रस्ता तुहा. येतानीचा माहा. तेवढा मले देत जाय."

दुसऱ्या दिवशी ऊन अंगणात येऊन बसलं तरी वैजयंतीचा पत्ता नव्हता. तिचा नवरा पवन दोनदा फाटकापर्यंत जाऊन आला. "बायको येते का नाई तुही, मी पाहून राह्यली, तू आपलं काम कर," असं म्हणून तुळसाबाईनं त्याला आत हाकललं आणि स्वतः मात्र एकच शेंग तीनदा उघडून पाहिली.

वैजयंती आली ती धुळीनं माखून. सायकल भिंतीला टेकवली आणि तशीच ओसरीत येऊन बसली, हेल्मेटसकट.

"जातानी आज बी कमीच पडली," ती म्हणाली, आणि हसली. "पन आई, बुंधा अजून तिथंच हाय. त्याच्यावर दोघीजनी बसेल होत्या, त्या मले म्हनतात कशा..."

तुळसाबाईनं सूप बाजूला सारलं.

"थांब. अशी एकदम इंझोरीत नको नेऊ मले. घरून घेऊन निघ."