आवाजांची उजळणी

“जोरात टाकू नकोस, खालचे बोंबलतील,” सुंदराबाई म्हणाली.

भिवानं गोधडीची चौपदरी घडी जमिनीवर ठेवली आणि हातभर उंचीवरून वरवंटा तिच्यावर सोडला. धप्प. आवाज फरशीतून सुंदराबाईच्या मांडीपर्यंत पोचला.

“असा येईल. बरोबर पायाखालून. विमान उडालं की चाकं आत घेतं, त्याचा.”

“तुटत काय नाय ना?”

“नाय आये. कबुतर उडालं की पाय पोटाशी घेतं का नाय? तसं.”

तार दुपारी आली होती. नागपूरला लेकीचं, बेबीचं, ऑपरेशन उद्या सकाळी होतं आणि तिला त्याआधी आई हवी होती. आगगाडी उद्या दुपारी पोचली असती. रात्रीचं टपालाचं विमान पहाटेच्या आत पोचवत होतं. भिवा सांताक्रूझला विमानांच्या शेडमध्ये मेकॅनिक होता. तो पास घेऊन आला होता. साडेसातला घरातून निघायचं होतं. सहा वाजून गेले तरी सुंदराबाईची पिशवी रिकामी होती आणि ती जाते असंही म्हणत नव्हती, नाही असंही.

पूर्वी अशा वेळी तिनं मरीआईला नवस बोलला असता. गेल्या वर्षापासून फळीवर बुद्धाची तसबीर होती. तिच्याकडे काय मागायचं आणि कसं, ते तिला अजून जमत नव्हतं. म्हणून ती भिवालाच विचारत होती.

“पुढं?”

“पुढं आवाज पडतो.”

“म्हणजे?”

“एकदम कमी होतो. तेव्हाच लोक घाबरतात. आपला जीव घाबरा करायचा नाय.”

सुंदराबाईनं मान हलवली. बावीस वर्षं ती मिलच्या वाइंडिंग खात्यात उभी होती. “खात्यात आवाज पडला म्हणजे पट्टा उतरला. नायतर कुणाचा तरी हात गेला. मला शिकवू नकोस.”

भिवानं स्टोव्ह पुढ्यात ओढला, पेटवला आणि पंप मारत राहिला. ज्योत निळी झाली, फुरफुरीनं खोली भरली. “हे उडताना. सगळा जोर लागतो.” मग त्यानं हवेची चावी जराशी सैल केली. फुस्स झालं, आवाज खाली बसला. त्यानं चावी पुन्हा आवळली.

“विझला?” त्यानं विचारलं.

सुंदराबाई वाकून ज्योतीकडे बघत राहिली. “नाय.”

“चढ संपला, आता एवढा जोर नको. आपणहून कमी करतात. मोडून नाय.”

सुंदराबाई उठली. मग तिनं फळीवरून लुगडं काढलं आणि पिशवीत घातलं.

“अजून एक हाय,” भिवा म्हणाला. “शांता, इकडं ये. मी म्हणतो तसा आवाज धर. तोंड मिटून.”

त्याच्या बायकोनं भाकरीचे हात तसेच ठेवून सूर धरला. भिवानं आपला सूर त्याच्या जवळ आणला, अगदी जवळ, पण त्याच्यावर नाही. खोलीत तिसराच एक आवाज उठला. वँव, वँव, वँव. तो दोघांपैकी कुणाचाच नव्हता. भिवा सूर सरकवत गेला तशी ती लाट संथ होत गेली आणि दोन्ही सूर एक झाल्यावर नाहीशी झाली.

सुंदराबाईचं तोंड उघडंच राहिलं.

“दोन इंजिनं एका चालीत नसली की असं होतं,” भिवा म्हणाला. “वर गेल्यावर पायलट जुळवून घेतो. तोवर वँव वँव.”

“काय रे भिवा!” दारात शेजारचा सीताराम उभा होता. मैदानावरच्या संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला निघाला होता. घोषणा इथपर्यंत येत होत्या. “अख्ख्या चाळीला वाटतं तुझ्या घरात म्हैस शिरली. सभेला येतोस का?”

“आयेला विमानात बसवून येतो.”

“सुंदराबाय, वरनं आमच्या सभेवर थुंकू नका,” असं म्हणून सीताराम गेला. सुंदराबाई दुपारपासून पहिल्यांदा हसली.

पिशवीचे बंद बांधता बांधता तिनं विचारलं, “वर कानाला दडे बसतात म्हणतात. मग हे आवाज ऐकू कसे येतात? असेच, का लांबून आल्यासारखे?”

भिवा वरवंटा पुसत होता. त्याचा हात थांबला.

“मला कसं ठाऊक असणार?”

“तू बसलास तेव्हा कसं झालं?”

“मी बसलो नाय आये. इंजिन खालीच चालवून बघतात, तेव्हा आत असतो. चाकं मिटवून बघायची तर विमान लोखंडी घोड्यांवर उचलून धरतात, तेव्हा खाली असतो. उडालं की पार दिसेनासं होईतो कान लावून उभा राहतो. बाकीचं पायलटना विचारलंय.”

“नोकरी कायम झाल्याचा पयला पास होता हा, आत्याबाय,” शांता तव्याकडे बघतच म्हणाली. “दिवाळीला स्वतःच जाणार होते. आज दुपारी तुमचं नाव घातलं.”

भिवानं तिच्याकडे रागानं पाहिलं.

सुंदराबाई पिशवी मांडीवर घेऊन बसली. तिच्या लेकानं जमिनीवर उभं राहून आकाशातलं एवढं सगळं ऐकलं होतं. ती त्याच्या कानांकडे बघत होती, जणू ते आजच दिसत होते.

“पयल्यापासून परत सांग,” ती म्हणाली. “आणि जिथं तुला ठाऊक नाय, तिथं थांब. तेवढं मी ऐकून येते.”