सासूचा टीव्ही, सुनेचा टीव्ही

गोदाक्कांच्या टीव्हीवर सासू रोज जिंकायची आणि त्यांची सून शर्मिला हिच्या टीव्हीवर सून. बघणाऱ्याच्या मनासारखी मालिका तिथल्या तिथे रचून देण्यात कंपन्यांची चुरस लागली होती, त्यामुळे घरात खोलीगणिक टीव्ही झाले आणि दोघींना एकत्र बसून वर्ष उलटलं.

एके दिवशी शर्मिलाचा टीव्ही बंद पडला. ती गवारीची परात घेऊन मुकाट्याने सासूच्या खोलीत आली. टीव्हीने दोघींचे चेहरे न्याहाळले आणि गोंधळून विचारलं, “आज कुणाला जिंकवू?”

“कुणालाच नको रे बाबा,” गवार मोडत गोदाक्का म्हणाल्या. “भांडण मिटवलंस तर उद्या आम्ही काय बघायचं?”

शर्मिला खुदकन हसली.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला आला, तेव्हा गोदाक्कांनीच त्याला दारातून वाटेला लावलं.