लख्ख धावपट्टी

धुक्यात वाट चुकली तर जागेवरच थांबायचं आणि टॉवरला विचारायचं, हा विमानतळावरचा जुना नियम. गवत कापणाऱ्या रामजी घाणेकरने तो पाळला आणि फोन लावला.

टॉवर आता चारशे किलोमीटरवरच्या एका खोलीत होता; तिथे वसुधा टोळेंनी पडद्यावर पाहिलं. विमानं उतरवणाऱ्या यंत्राने चित्रातलं धुकं पुसून लख्ख धावपट्टी रेखाटली होती. तिच्यावर रामजी नव्हता.

“मॅडम, पायाखाली डांबर लागतंय. बाकी काही दिसत नाही.”

पायलट नसलेलं विमान उतरायला लागलं होतं आणि यंत्राचा निर्णय फिरवणारं बटण या खोलीत कधी बसवलंच नव्हतं.

“रामजी, पळा.”

“कुठल्या बाजूला, मॅडम?”

वसुधाबाईंनी त्या रिकाम्या धावपट्टीवर रामजीला पुन्हा एकदा शोधलं.